नगरसेवक नसलेली चार वर्षं

मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं २२७ वॉर्डांत एकही नगरसेवक नव्हता. "बरं झालं, खाबूगिरी थांबली," असं टॉवरमधली ओळखीची माणसं म्हणायची. त्यांचं नगरसेवकावाचून काही अडत नाही. आमचं, झोपडपट्टीत राहणाऱ्यांचं, पदोपदी अडतं.

आमच्या गल्लीत पाणी पहाटे येतं. पुढच्यांनी मोटर लावली की शेवटच्या नळाला नुसती हवा. पूर्वी अशा दिवशी बायका रिकामे हंडे घेऊन थेट नगरसेविकेच्या ऑफिसात जायच्या. ताई वैतागायच्या, पण सगळ्यांसमोर इंजिनिअरला फोन लावायच्या आणि दुपारपर्यंत पाणी सोडणारा चावीवाला यायचा. सभागृहाच्या जागी सरकारने नेमलेला प्रशासक आल्यावर त्याच बायका वॉर्ड ऑफिसला गेल्या. साहेब राउंडला गेलेत, अर्ज द्या. शेजारच्या मावशींनी धुणीभांड्यांची कामं बुडवून अर्ज दिला. त्याची शिक्का मारलेली पोच त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलीय. उत्तर मात्र कधी आलं नाही.

नगरसेवक काही साधुसंत नव्हते. नळजोडणीला पैसे मागणारेही आम्ही पाहिलेत. पण त्यांना पाच वर्षांनी आमच्याच गल्लीत हात जोडत यायचं असायचं. बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याला ती धास्ती कुठली?

'व्होट बँक' म्हणून आम्हाला हिणवतात, त्यांनी हेही ऐकावं. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मोफत घरासाठी झोपडी १ जानेवारी २००० च्या आधीची लागते, सशुल्क घरासाठी २०११ च्या आधीची. आणि मुख्य पुरावा म्हणून जुनी मतदार यादी पाहतात. तिच्यात नाव सापडलं नाही आणि दुसरा पुरावाही नसला की माणूस 'अपात्र'! म्हणून यादीतून नाव गळालं की आमच्याकडे घरात रडारड होते. पाणी या तारखांना बांधू नका, तो कलम २१ मधला जगण्याचा हक्क आहे, हे पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्येच सांगितलं. तरी वस्तीतल्या बाईला नळासाठी कुणाच्या तरी दारात उभं राहावंच लागतं.

ओबीसी आरक्षण आणि वॉर्डरचनेच्या खटल्यांत निवडणूक अडकली, हे खरं. पण मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असं संविधानाचं कलम २४३-यू सांगतं. आता निवडून आलेल्यांनी पुढच्या वॉर्डरचनेचं काम वेळेत उरकायला सरकारला आत्तापासून भाग पाडावं. आणि आमच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाचा प्रश्न वॉर्ड समितीच्या पहिल्याच बैठकीत घ्यावा.