हळद जिंकली, पण आजीमुळे नव्हे

सकाळी सेव-उसळ खायला बसलो आणि मोबाईलवर पुन्हा तोच मेसेज. दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर या महिन्यात तिसऱ्यांदा. ‘अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं. भारताने त्यांच्या कोर्टात आजीबाईचा बटवा पुढे केला आणि केस जिंकली. कडुनिंबाचंही तसंच. तेव्हापासून आपल्या पूर्वजांना ठाऊक असलेल्या वनस्पतीवर जगात कुणालाच पेटंट मिळत नाही.’ खाली पाच तिरंगे. बडोद्यात औषध कंपनीच्या पेटंट विभागात वीस वर्षं क्लेम (म्हणजे पेटंटमध्ये शोधावर सांगितलेल्या हक्काचे दावे) वाचण्यात घालवलीत, तेव्हा या वेळी गप्प बसवेना.

‘हळदीचं पेटंट’ हेच मुळात चूक. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जे मिळालं, ते जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर. फोडणीतल्या हळदीला कुणी हात लावला नव्हता. अर्ज करणारे संशोधक भारतीय वंशाचे होते, हे मात्र मेसेजमधून दर वेळी गळतं.

कोर्टही नव्हतं. सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने (तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक होते) १९९६ मध्ये अमेरिकेच्या पेटंट ऑफिसकडेच फेरतपासणी मागितली, आणि १९९७ मध्ये क्लेम फेटाळले गेले.

आता आजी. परदेशात लोक एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, याला अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात प्रायर आर्ट, म्हणजे ‘हे आधीपासून माहीत होतं’ याचा पुरावा, म्हणून किंमतच नव्हती. छापील मजकूर दाखवा, नाहीतर जुनं पेटंट दाखवा. (परदेशातला वापर न मोजण्याचा हा नियम २०१३ मध्ये गेला.) म्हणजे बडोद्यापासून बेळगावपर्यंतच्या सगळ्या आज्या साक्षीला नेल्या असत्या तरी उपयोग शून्य. सीएसआयआरने ३२ संदर्भ दिले, त्यात जुने ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेखही होता. पेटंट घेणारे म्हणाले, पूड वेगळी आणि लेप वेगळा, दोन्हींचं शोषण सारखं होत नाही.

हसू नका. आमच्या धंद्यात हा युक्तिवाद रोजचा आहे. नॉव्हेल्टी, म्हणजे शोध आधी कुठेही उघड झालेला नाही हा दावा, पाडायची तर क्लेममधली प्रत्येक गोष्ट एकाच जुन्या कागदात सापडावी लागते. दोन कागदांतले तुकडे जोडलेत तर मुद्दा बदलतो, मग ‘हे जाणकाराला सहज सुचलं असतं’ हे सिद्ध करत बसा. एका एंझाइमच्या क्लेमवर मी दोन दिवस पेन्सिल घेऊन बसलो होतो. जुन्या पेपरात तोच जिवाणू, तोच एंझाइम, पण तापमान ३७ अंश, आणि क्लेममध्ये ४५ ते ५०. एवढ्यावर नॉव्हेल्टी तरली! हळदीचा पूड-लेप वाद मात्र तिथे टिकला नाही.

कडुनिंबाची गोष्ट तर युरोपातली. डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना १९९४ मध्ये मिळालेलं पेटंट निंबोळी तेलाने पिकांवरची बुरशी रोखण्याचं होतं. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि इतरांनी हरकत घेतली, २००० मध्ये ते रद्द झालं आणि त्यावरचं अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळलं गेलं. युरोपात मात्र जगात कुठेही झालेला उघड वापर मोजतात, आणि एका भारतीय कारखानदाराने ‘हे आम्ही आधीच करत होतो’ अशी साक्षही दिली. म्हणजे आजी चालली असती तर युरोपात, आणि मेसेजने तिला नेमकी अमेरिकेला पाठवली.

राहिलं ‘जगात कुणालाच मिळत नाही’. हळदीतलं कर्क्युमिन शरीरात नीट शोषलं जावं म्हणून केलेल्या नव्या फॉर्म्युलेशनवर ढिगाने पेटंटं आहेत. आपल्या कायद्यात पारंपरिक ज्ञानावर पेटंट नाही आणि तोंडी चालत आलेल्या माहितीवरूनही हरकत घेता येते, पण तो कायदा आपल्यापुरता.

हे सगळं ग्रुपवर टाकलं, तर मामींचा फोन. गुडघ्यावर त्या जो लेप लावतात, त्याचं पेटंट निघेल का? मी विचारलं, कुणाला सांगितलाय का?

‘अरे, दर वर्षी हळदीकुंकवाला सगळ्याजणी माझ्याकडून लिहून घेतात की!’