गोल्फमधले फरगिव्हिंग (चुकलेला फटका सांभाळून घेणारे) आयर्न क्लब फक्त नवशिक्यांसाठी? नाही!

‘खेळ सुधारला की कॅव्हिटी-बॅक (मागून पोकळ, म्हणजेच फरगिव्हिंग) आयर्न सोडून ब्लेड (मागून भरीव आयर्न) घ्यावं’ असा सल्ला सर्रास फिरतोय. तो चुकीचा आहे. ‘पिंग’ या गोल्फ कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम यांनी क्लबचं वजन कडांकडे नेलं ते याचसाठी: चेंडू टोकाकडे लागला तरी क्लबचं तोंड कमी फिरतं, अंतर फारसं घटत नाही. असे फटके व्यावसायिकांचेही बसतात. त्यांच्यातले कित्येक जण लांब (दूरच्या फटक्यांचे, कमी नंबरचे) आयर्न कॅव्हिटी-बॅकच ठेवतात. स्लाइस (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळणं) मात्र याने जात नाही, तो स्विंगचा दोष. नवशिक्याने रुंद सोल (क्लबचा तळ) जरूर घ्यावा. चेंडूआधी माती लागली तरी क्लब सहसा रुतत नाही. आणि सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट (तोंडाचा मागे झुकलेला कोन) विचाराच. जुन्या ब्लेडचा ३५ अंशांच्या आसपास, हल्लीच्या अनेक फरगिव्हिंग सेटचा ३० किंवा कमी. वाढलेलं अंतर बरंचसं या कमी लॉफ्टमुळेच.