यू-९ : रॉकेलचा धूर आणि पाण्याखालचा सव्वा तास

नमस्कार. यू-९ या जर्मन पाणबुडीवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा : यू-९ ही पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच जुनाट ठरलेली, धूर ओकणारी बोट होती, २२ सप्टेंबर १९१४ रोजी तिने तीन ब्रिटिश क्रूझर युद्धनौका बुडवल्या त्या केवळ ब्रिटिश नौदलाच्या हलगर्जीपणामुळे, आणि मी मात्र तिच्या रचनेला नसते श्रेय दिले. यातले पहिले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, दुसरे निम्मे मान्य आहे, पण त्यांतून आपण काढलेला निष्कर्ष पटत नाही.

इंजिनाविषयी आपण लिहिलेत ते खरेच आहे. डान्झिगच्या सरकारी गोदीत बांधलेली ही बोट १९१० साली नौदलात दाखल झाली, तेव्हा पेट्रोल बंदिस्त बोटीत धोक्याचे मानले जाई आणि डिझेल इंजिनावर जर्मन नौदलाचा अजून विश्वास बसलेला नव्हता. म्हणून कोर्टिंग कंपनीची रॉकेलवर चालणारी इंजिने निवडली गेली. त्यांचा दाट पांढरा धूर दिवसा दुरून दिसे, रात्री धुराड्यातून ठिणग्या उडत, आणि बुडी मारण्यापूर्वी ते धुराडे उतरवून ठेवावे लागे. ऑगस्ट १९१४ मधील पहिल्याच मोहिमेतून यू-९ इंजिनातील बिघाडामुळे अर्ध्यावरून परतली होती. डिझेलवर चालणारी पहिली जर्मन पाणबुडी यू-१९ तर १९१३ मध्येच सेवेत आली होती.

ब्रिटिशांच्या चुकाही मोठ्या होत्या. अबुकिर, होग आणि क्रेसी या जुन्या क्रूझर डच किनाऱ्यासमोर दहा नॉटच्या आसपासच्या संथ वेगाने, वळणे न घेता सरळ रेषेत चालल्या होत्या, आणि वादळामुळे त्यांच्यासोबत संरक्षणासाठी विनाशिका (डिस्ट्रॉयर) नव्हत्या. पहिला टॉर्पेडो (पाण्याखालून सोडायचे स्फोटक अस्त्र) अबुकिरला लागला तेव्हा तिच्या कप्तानाला वाटले की सुरुंगाचा स्फोट झाला, आणि त्याने उरलेल्या दोघींना मदतीसाठी जवळ बोलावले.

परंतु या चुकांनी फार तर पहिला नेम सोपा होतो. त्यानंतर जे घडले त्याचा हिशेब त्यांतून लागत नाही. त्या पहाटे यू-९ पृष्ठभागावर येऊन बॅटऱ्या भरत होती. क्षितिजावर डोलकाठी दिसताच रॉकेलची इंजिने तत्काळ बंद केली गेली, कारण धुराने घात झाला असता. तेथून पुढे लढाई विजेच्या मोटारींवर झाली, आणि पाण्याखाली धुराचा प्रश्नच उरत नाही. आपण ज्या दोषावर बोट ठेवता, तो त्या सव्वा तासापुरता बाजूला पडला होता.

खरी कसोटी होती ती समतोलाची. बोटीला टॉर्पेडो सोडण्याच्या पुढे दोन आणि मागे दोन नळ्या होत्या आणि एकूण सहा टॉर्पेडो. पाऊण टनाच्या आसपास वजनाचा टॉर्पेडो सुटला की पुढचा भाग एकदम हलका होई, आणि दुसरा भरताना तेवढेच वजन आतल्या आत सरके. हा तोल पाण्याच्या टाक्यांनी सावरायचा, आणि ते पुरेना तेव्हा खलाशांनी हुकमासरशी पुढून मागे आणि मागून पुढे धावून सावरायचा. पाण्याखाली राहून नळी पुन्हा भरण्याचा सराव कप्तान ओटो वेडिगेनने त्याच जुलैमध्ये करून घेतला होता. त्या दिवशी सकाळी ६.२० ला अबुकिरवर एक टॉर्पेडो सुटला. रिकामी नळी पाण्याखालीच भरली गेली. सातच्या सुमारास जेमतेम तीनशे मीटरवरून होगवर दोन सोडले गेले. त्या धक्क्याने यू-९चे नाक पाण्याबाहेर आले आणि होगच्या तोफा तिच्यावर धडधडू लागल्या, तरी बोट पुन्हा खाली गेली. मग क्रेसीवर मागच्या नळ्यांतून दोन, आणि ७.३० च्या सुमारास पुढून सहावा, शेवटचा. बॅटऱ्या तोवर संपत आल्या होत्या. पाण्याखाली पुन्हा भरता येणारी नळी आणि सराव झालेले खलाशी नसते, तर एक किंवा फार तर दोन जहाजांवर काम थांबले असते.

त्या तीन जहाजांवरचे १,४५९ लोक मेले; त्यांत बरेचसे वयस्क राखीव नौसैनिक होते, आणि काही तर शाळकरी वयाचे कॅडेट. रचनेची चर्चा करताना हा आकडा नजरेआड होऊ नये, हे मला आपल्याइतकेच वाटते. (योगायोग असा की त्याच रात्री एमडेन या जर्मन क्रूझरने मद्रासवर गोळे डागले, आणि पुढे जहाजावर लोहक्रॉस हे जर्मन शौर्यचिन्ह मिरवण्याचा मान या दोघींनाच मिळाला.)

ऑक्टोबरमध्ये यू-९ने हॉक ही आणखी एक क्रूझर बुडवली. पुढे ती बाल्टिक समुद्रात गेली, १९१६ पासून प्रशिक्षणाच्या कामी लागली आणि युद्धानंतर इंग्लंडमध्ये मोडीत निघाली. इथे तिच्या जुनाटपणाची किंमत दिसते, हे मी नाकारत नाही.

पण वेडिगेनचे पुढे काय झाले तेही पाहावे. त्याला डिझेलवर चालणारी, सर्व दृष्टींनी सरस अशी यू-२९ मिळाली. १८ मार्च १९१५ रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेस त्याने नेपच्यून या ब्रिटिश युद्धनौकेवर टॉर्पेडो सोडला. सोडताच बोटीचा तोल गेला आणि ती पृष्ठभागावर उघडी पडली, होगसमोर यू-९ पडली होती तशीच. या वेळी समोर ड्रेडनॉट ही दुसरी ब्रिटिश युद्धनौका होती. तिने सरळ धडक दिली आणि यू-२९ वरचा एकही माणूस वाचला नाही.