आमच्या अंबर एलविषयी आपण लिहिलेल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

गेल्या शनिवारी संध्याकाळी आपण पुण्यातील आमच्या ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर बनवून विकणाऱ्या पबमध्ये आलात, ३.९ टक्के मद्यार्काची आमची अंबर एल ही तांबूस बिअर घेतलीत आणि रविवारी सकाळी तिच्याविषयी सविस्तर लिहून दोन तारे दिलेत. आपले म्हणणे थोडक्यात असे: रंग आणि फेस चांगला, पण पहिल्या घोटाला वास जवळजवळ नाहीच, ग्लास निम्मा झाल्यावर बटर पॉपकॉर्नसारखा वास येऊ लागला, बिअर अंगाने पातळ, आणि कडूपणा इतका की जीभ कोरडी पडून दातांवर काहीतरी खरखरत राहिले. याविषयी आमच्या माणसाला विचारल्यावर "हॉप्स जास्त आहेत, ही अशीच लागते" असे उत्तर मिळाले (हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी वाळवलेली फुले), आणि हे सगळे होऊनही ६.५ टक्क्यांच्या, हॉप्सचा भर असलेल्या आयपीए या बिअरइतकेच पैसे मोजावे लागले.

सोमवारी सकाळी मी आणि आमच्या ब्रूअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, त्याच केगमधून (बिअरच्या पिंपातून) दोन ग्लास भरून घेतले, एक लगेच चाखला आणि दुसरा वीस मिनिटे टेबलावर तसाच ठेवून मग चाखला. आपण लिहिलेला वासही होता आणि ती खरखरही होती. त्या केगमध्ये उरलेली आणि शीतगृहात ठेवलेली त्याच घाणीची, म्हणजे त्याच वेळी एकत्र बनवलेली, बिअर चाखण्यापुरती थोडी बाजूला काढून बाकी सगळी आम्ही त्याच दिवशी ओतून दिली. आपल्या अभिप्रायातील एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे, ते पुढे मांडतो. पण जे चुकले ते आधी.

आपण "कडू" हा शब्द वापरला आहे, मात्र वर्णन केले आहे ते तुरटपणाचे, आणि मला वाटते की आपल्या तक्रारीचे मर्म तिथेच आहे. मेथी, कारले, पाडव्याला खातो ती कडुनिंबाची चटणी, या चवी कडू. अर्धकच्चे जांभूळ, कच्चे केळे, सुपारी, फार वेळ उकळलेला कोरा चहा, हे तुरट. यात चवीपेक्षा स्पर्श अधिक असतो, लाळ आटल्यासारखी वाटते, गाल आत ओढले जातात आणि दातांवरून जीभ फिरवली तर ती अडखळते. हॉप्समधला कडूपणा त्यातील अल्फा आम्ले उकळत्या वर्टमध्ये, म्हणजे मॉल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) गोड रसात, रूप बदलून विरघळल्यामुळे येतो, आणि तो नीट उतरला असेल तर घोट गिळल्यावर हळूहळू ओसरतो व पुढचा घोट घ्यावासा वाटतो. तुरटपणा ओसरत नाही, प्रत्येक घोटागणिक साठत जातो. आपल्याला ग्लास संपवणे जड गेले ते यामुळे. कडू ही या बिअरची ओळख आहे. तुरट हा तिच्यातला दोष होता.

त्यामुळे आमच्या माणसाने दिलेले उत्तर चुकीचे होते, आणि या सगळ्या प्रसंगात मला सर्वांत जास्त खेद त्याचा वाटतो, कारण एखाद्या शैलीचे नाव पुढे करून दोष झाकणे म्हणजे पाहुण्याच्या जिभेवर अविश्वास दाखवणे आहे. अर्थात त्या मुलाने ते मुद्दाम केले नाही. फरक ओळखायला आम्हीच त्याला शिकवले नव्हते. मंगळवारी दुपारी बार उघडण्यापूर्वी सगळ्यांना एका कपात मेथीदाण्यांचे पाणी आणि दुसऱ्या कपात वीस मिनिटे उकळून गार केलेला कोरा चहा दिला, आणि मग चाखण्यासाठी बाजूला काढून ठेवलेली, आपल्या ग्लासात होती तीच बिअर. तिचा ग्लास कोणत्या कपाशेजारी ठेवायचा हे मी कोणालाच सांगितले नव्हते; सहाही जणांनी तो चहाच्या कपाशेजारी ठेवला.

आता हा तुरटपणा आला कुठून, ते सांगतो. दळलेले मॉल्ट गरम पाण्यात भिजवून पहिला दाट रस काढून घेतल्यावर मागे राहिलेल्या चोथ्यावर आणखी गरम पाणी सोडून उरलेली साखर धुऊन घेतात. हे धुणे कुठे थांबवायचे याला फार महत्त्व आहे. रस पातळ होत जातो तसा त्याचा पीएच चढत जातो, म्हणजे आंबटपणा कमी होत जातो, आणि तो सहाच्या आसपास गेला की जवाच्या टरफलांतील टॅनिन ही तुरट द्रव्ये पाण्यात उतरू लागतात. चहाची पूड दुसऱ्यांदा उकळल्यावर जे होते, साधारण तेच. कमी मद्यार्काच्या बिअरला हा धोका अधिक, कारण ५०० लिटरच्या घाणीला आयपीएसाठी आम्ही सुमारे १३० किलो मॉल्ट घेतो आणि अंबर एलसाठी जेमतेम ८५ किलो, पण टाकी मात्र तेवढीच भरायची असते, म्हणजे प्रत्येक किलोमागे पाणी बरेच जास्त जाते. आमचा नियम असा की रसाची घनता १.०१० वर (साध्या पाण्याची १.०००) आली की थांबायचे आणि जेवढे कमी पडेल तेवढे साधे पाणी थेट उकळीच्या भांड्यात घालायचे.

त्या दिवशी तो नियम पाळला गेला नाही. नोंदवहीत शेवटच्या रसाची घनता १.००६ आणि पीएच ६.१ असे ब्रूअरच्याच अक्षरात लिहिलेले आहे. आकडा लिहिला गेला, पण त्यावर काही केले गेले नाही. त्यातच एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही टँकरच्या पाण्यावर होतो. त्या पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल निष्प्रभ करण्याची ताकद, नेहमीच्या पाण्यापेक्षा जास्त होती, आणि क्षारता जास्त असली की पीएच लवकर चढतो. आम्ही त्या पाण्याचे एकूण क्षार मोजले होते, क्षारता वेगळी मोजली नव्हती. उन्हाळ्यात या शहरात टँकर घ्यावा लागणार हे काही आम्हाला नव्याने कळले नाही, तेव्हा यात सबब सांगण्यासारखे काहीच नाही.

लोण्याच्या वासाचे कारण निराळे आहे. त्या पदार्थाचे नाव डायअॅसिटिल. आंबवताना यीस्टच्या कामातून तो तयार होतोच, आणि पुरेसा वेळ व ऊब मिळाली तर यीस्टच तो पुन्हा शोषून घेते. म्हणून गार करण्यापूर्वी बिअर दोन-तीन दिवस २० अंशांच्या आसपास ठेवायची असते. तेवढी विश्रांती आम्ही दिली होती. चूक त्यानंतर झाली. या बिअरला सुगंधासाठी आम्ही आंबवणे संपल्यावर प्रत्येक लिटरला ४ ग्रॅम कॅस्केड जातीचे हॉप्स कोरडेच घालतो. हॉप्समध्ये थोडी विकरे (एन्झाइम) असतात, ती बिअरमध्ये उरलेल्या न आंबणाऱ्या शर्करांचे तुकडे करतात, यीस्ट पुन्हा जागे होते आणि डायअॅसिटिल नव्याने तयार होऊ लागते. हे काही आजचे ज्ञान नाही. ब्राऊन आणि मॉरिस या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी हॉप्सचा हा गुण १८९३ मध्येच नोंदवला होता. आमच्या अंबर एलमध्ये अशा शर्करा मुद्दाम जास्त ठेवलेल्या असल्यामुळे तिला हॉप्स घातल्यानंतर दुसऱ्यांदा विश्रांती देणे आवश्यक होते, आणि शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी नळ रिकामा राहू नये म्हणून आम्ही ती दोन दिवस आधीच गार केली. हा निर्णय ब्रूअरचा नव्हता, माझा होता.

पहिल्या घोटाला वास का आला नाही, याचे उत्तरही यातच मिळते. नळातून बिअर ३ अंशांवर येत होती आणि इतक्या गारव्यात नाकाला फारसे काहीच लागत नाही, ना कॅस्केडचा ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा वास, ना दोष. ग्लास हातात कोमट होत गेला तसे लोणी वर आले. ही बिअर ७ ते ८ अंशांवरच द्यायला हवी, आणि आता तिच्या नळाचे तापमान वेगळे ठेवले आहे. आपण वासाची वेळ नेमकी लिहिली नसती तर आम्ही कदाचित नळ्यांच्या स्वच्छतेत कारण शोधत बसलो असतो.

पातळपणाच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या बिअरचा मोठा वाटा ५ टक्क्यांच्या वरच्या स्ट्राँग बिअरचा असल्यामुळे आकडा कमी दिसला की पाणी घातले असेल, असे सहज मनात येते. पण कमी मद्यार्क ही आमच्याकडून झालेली काटकसर नाही, ती या बिअरमागची मूळ कल्पना आहे. इंग्लंडच्या पबांत शंभराहून अधिक वर्षे जी तांबूस, कमी फेसाळ बिअर "बिटर" या नावाने मिळत आली आहे, ती अनेकदा ४ टक्क्यांच्या आतच असते, आणि कडू हे तर तिचे नावच आहे. तिथली चौकट आणि अमेरिकेतील हॉप्स, असा हा मेळ आहे. कॅस्केड हे वाण १९७२ मध्ये अमेरिकेत अधिकृतपणे प्रसृत झाले आणि तिथल्या पेल व अंबर एलच्या चवीला त्यानेच वळण दिले. मद्यार्क कमी असला तरी अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, राहावे म्हणून आम्ही मॉल्ट ६८ अंशांवर भिजवतो, त्यामुळे न आंबणाऱ्या शर्करा जास्त उरतात, आणि भाजलेल्या साखरेची चव यावी म्हणून क्रिस्टल मॉल्ट घालतो. दोन-अडीच तास गप्पा मारत बसणाऱ्या मंडळींना दुसरा ग्लासही पहिल्याइतकाच चाखता यावा, यासाठी ही बिअर आहे, आणि ती आमच्या फळ्यावर असावी असे मला मनापासून वाटते.

आपणच लिहिले आहे की आधी आयपीए आणि मग ही एल घेतली. ६.५ टक्क्यांच्या दाट, ठसठशीत बिअरनंतर ही पातळच लागणार. श्रीखंडानंतर चहा अगोड लागतो तसे. यात आपली काही चूक नाही, ऑर्डर घेताना क्रम सुचवणे हे आमचे काम होते. शिवाय तुरटपणाने तोंड कोरडे पडले असताना क्रिस्टल मॉल्टचा गोडवा जाणवणे अवघडच, तेव्हा आपल्याला लागलेल्या पातळपणाचा काही भाग आमच्या दोषातून आला असणार, हे मी मान्य करतो.

किमतीविषयी थोडक्यात सांगतो. मद्यार्क कमी झाल्याने वाचते ते मॉल्ट, आणि आमच्या खर्चात मॉल्टचा वाटा फार मोठा नाही. हॉप्स अमेरिकेतील याकिमा खोऱ्यातून येतात आणि त्यांचे प्रमाण या बिअरमध्ये तिच्या ताकदीच्या मानाने बरेच आहे. टाकीही आयपीएइतकेच दिवस अडून राहते आणि आता दुसऱ्या विश्रांतीमुळे आणखी दोन दिवस अडेल. म्हणून दर तोच राहील. आपण त्या संध्याकाळी घेतलेल्या अंबर एलचे पैसे मात्र परत करत आहोत, कारण आपल्याला मिळाली ती बिअर विकायच्या लायकीची नव्हती.

नवी घाणी गुरुवारी घातली. या वेळी पाण्याची क्षारता मोजून त्यात शुद्ध केलेले पाणी मिसळले, रस १.०१० वर थांबवला, शेवटचा पीएच ५.७ आला. हॉप्स घातल्यानंतर तीन दिवस ती उबेत राहील, आणि गार करण्यापूर्वी तिचे दोन नमुने झाकण लावून घेतले जातील: एक ६० अंशांवर वीस मिनिटे ठेवून, म्हणजे दडलेला लोण्याचा वास उघड होईल असा, थंड केलेला आणि दुसरा तसाच. गरम केलेल्या नमुन्याला लोण्याचा पुसटसा वास जरी आला, तरी त्या आठवड्यात फळ्यावर अंबर एलचे नाव लागणार नाही, मग शनिवार असो की सणाचा दिवस. सगळे नीट झाले तर साधारण तीन आठवड्यांनी ती नळावर येईल. आपण त्या सुमारास आलात तर ही एल सगळ्यांत आधी घ्या, ग्लास पाच मिनिटे तसाच राहू द्या, आणि तेव्हाही दातांवर काही खरखरले तर त्याच टेबलावरून मला बोलावून घ्या. संध्याकाळी सहानंतर मी तिथेच असतो.

आपला,
ब्रूपबचा मालक