चरखा का गेला?

एका लेखात म्हटलंय, गांधीजींना बाजूला सारायचं म्हणून तिरंग्यावरचा चरखा काढला. हे काही पटलं नाही बुवा. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत नेहरूंनी दिलेलं कारण सरळ होतं: चरख्याच्या एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला चाती (सूत गुंडाळायची सळई), मग उलटीकडून चित्र फिरणारच. त्याजागी आलेलं २४ आऱ्यांचं चक्र दोन्हीकडून सारखं. गांधीजींना चरखा काढणं रुचलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

बाकी आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडवर ऑगस्टात मिळणारे स्वस्तातले झेंडे जरा उलटून बघा की! पुढं निळं चक्र, मागं पांढरा पट्टा कोरा. ध्वजसंहितेनुसार चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसलं पाहिजे. विक्रेत्याला सांगितलं तर म्हणतो, "अवो, पुढनंच बघत्यात सगळी."