एकोणीस फुटांची शाकारणी

आमच्या हर्णैला होड्या पावसाळ्यात पाण्याबाहेर येतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या सुमारास होड्या वाळूवर ओढल्या जातात, त्यांच्यावर झापे किंवा प्लास्टिकचे कापड घालून त्या शाकारल्या जातात आणि मालक नारळी पौर्णिमेची वाट पाहत जाळी दुरुस्त करीत बसतो. मी गेली अठरा वर्षे राहतो त्या मिशिगनमध्ये हाच विधी ऑक्टोबरात होतो. इथे शाकारणीला ‘श्रिंक रॅप’ म्हणतात, पांढऱ्या प्लास्टिकवरून गॅसची ज्वाला फिरवून ते बोटीच्या अंगाला घट्ट आवळतात आणि मालक मे महिन्याची वाट पाहत क्रेडिट कार्डाचे हप्ते भरीत बसतो.

माझी मोटरबोट १९ फुटांची, १९९६ सालची आणि दुसऱ्याने वापरून कंटाळलेली आहे. ह्युरॉन आणि ईरी या दोन अवाढव्य सरोवरांच्या मध्ये लेक सेंट क्लेअर नावाचे त्यांच्या मानाने धाकटे, म्हणजे सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचे सरोवर आहे. त्यात ती उन्हाळ्याचे जेमतेम चार महिने चालते. उरलेले आठ महिने ती मला चालवते. हिवाळ्यात त्याच पाण्यावर बर्फाचा इतका जाड थर धरतो की लोक त्याला भोक पाडून, शेजारी स्टूल टाकून गळ लावून बसतात. इंजिनाच्या पोटात पाणी राहिले तर तेही असेच गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि ओतीव लोखंडाचा ठोकळा तडकवते. म्हणून दर ऑक्टोबरात इंजिनातले पाणी काढायचे, त्यात लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखे दिसणारे गुलाबी गोठणरोधक भरायचे, सिलिंडरांत तेलाचा फवारा मारायचा, बॅटरी काढून घरात आणायची आणि बोटीला शुभरात्री म्हणायचे. तीन वर्षे मी एवढेच केले आणि सुखात होतो.

चौथ्या वर्षी, शाकारणीच्याच सकाळी, मागच्या बाकाजवळ माझा पाय दबला. बोटीचा तळ पायाखाली दबणे ही भावना ज्यांना ठाऊक नाही त्यांनी पावसाळ्यात नुकत्याच सारवलेल्या अंगणात पाय ठेवून पाहावा. मी लगेच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा हर्णैच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक आहेत आणि त्यांनी आयुष्यात एकही होडी बाळगलेली नाही. परंतु ज्याच्या घराच्या पडवीतून सुवर्णदुर्ग दिसतो त्याला होडीतले कळतेच, अशी त्यांची आणि दुर्दैवाने माझीही समजूत आहे. त्यांनी सांगितले, “स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घे आणि मागच्या भिंतीवर ठोकून बघ.” ज्या मागच्या भिंतीवर इंजिनाचा सगळा भार असतो ती भिंत बाहेरून फायबरग्लासची दिसली तरी आतून प्लायवूडची असते. मी वरच्या कोपऱ्यात ठोकले, तेव्हा टण्ण असा कोरडा आवाज आला. जसजसा खाली येत गेलो तसतसा तो आवाज जड होत गेला, आणि जिथे बोल्ट आत शिरतात तिथे तर तो निव्वळ ‘बद्द’ झाला. फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग फणसाच्या झाडाखाली उभे राहून निकाल द्यावा तशा आवाजात बाबा म्हणाले, “पिकलाय.”

प्रत्येक स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षे थेंब थेंब पाणी झिरपते, प्लायवूड कुजते आणि बाहेरचे चकचकीत कवच मात्र शेवटपर्यंत घराण्याची अब्रू राखते. ती भिंत बदलायची तर इंजिन बाहेर काढावे लागते. इंजिन काढायचे तर बोट छपराखाली हवी. आणि छपर म्हटले की गॅरेज, ज्यात आजवर बायकोची गाडी राहत होती. मी तिला शब्द दिला, “पाडव्यापर्यंत गॅरेज मोकळे करून देतो.” हे बोलणे ऑक्टोबरातले असल्याने तिने दिवाळीचा पाडवा धरला आणि मी मनातल्या मनात गुढीपाडवा धरला होता. साडेतीन मुहूर्तांपैकी तिचा अर्धा होता आणि माझा पूर्ण, हा माझा युक्तिवाद तिला पटला नाही. तो नोव्हेंबरच्या मध्यावर, पहाटे सहा वाजता, उणे आठ अंशांत तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना केला होता, हेही त्याला कारण असावे.

येथे एक कबुली द्यायला हवी. मी व्यवसायाने मोटारींच्या क्षेत्रातला अभियंता आहे, आणि डेट्रॉइटच्या परिसरात तशी माणसे पुण्यातल्या रिक्षांइतकी असतात. बोटीचे इंजिन हे मूळचे मोटारीचेच, ४.३ लिटरचे, सहा सिलिंडरचे. तेव्हा त्यात आपल्याला न कळण्यासारखे काय आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. स्टार्टर खराब निघाला तेव्हा मी मोटारीचा स्टार्टर निम्म्या किमतीत आणून शहाणपणा मिरवला. मग कळले की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते, आणि मोटारीच्या स्टार्टरमधली उघडी ठिणगी तिथे पडली तर बोट, स्टार्टर आणि अभियंता यांचा निकाल एकाच वेळी लागतो. म्हणूनच बोटीतले विजेचे भाग ठिणगी बाहेर पडू न देणारे असावे लागतात आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे पंखा लावून तळातली हवा बाहेर काढावी लागते. स्टार्टर मी परत केला. दुकानातल्या माणसाने कारण विचारले. मी “रंग आवडला नाही” असे सांगितले.

इंजिन भाड्याच्या क्रेनने काढले आणि मुलीच्या सायकलीच्या जागी उभे केले. त्यानंतर आतले कवच कापून मी कुजलेले लाकूड काढायला घेतले. मी करवत, छिन्नी, हातोडी अशी जय्यत तयारी केली होती. प्रत्यक्षात ते लाकूड बागेतल्या फावड्याने निघाले. काळेभोर, ओले, हातात घेऊन दाबले तर पाणी ठिबकणारे, उकळून फेकलेल्या चहापत्तीसारखे. माझ्यासकट सहा माणसांना पोटात घेऊन ताशी साठ किलोमीटरने पळणारी बोट तीन वर्षे या चहापत्तीवर विसंबून होती, हा विचार मी त्या दिवशी घरात कोणापाशीही बोललो नाही.

पुढचे काम फायबरग्लास घासण्याचे होते. ज्याने लहानपणी खाजकुयलीच्या वेलाखालून शर्ट काढून जाण्याची पैज लावली आहे त्याला फायबरग्लासच्या भुकटीची ओळख करून देण्याची गरज नाही. काचेचे ते सूक्ष्म तंतू कपड्यांत, भुवयांत आणि कोपराच्या घडीत जाऊन बसतात आणि गरम पाण्याने अंघोळ केली तर अधिकच आत शिरतात, असे म्हणतात. म्हणून जानेवारीच्या मिशिगनमध्ये मी गार पाण्याने अंघोळ करीत होतो, ज्याला बाबांनी “माघस्नान” असे नाव देऊन समाधान व्यक्त केले. इथवर हे दुःख माझे एकट्याचे होते. एका शनिवारी मात्र मी कामाचे कपडे सवयीने धुण्याच्या मशीनमध्ये टाकले, आणि त्यातच बायकोचे ब्लाउज व मुलीचे नाचाचे कपडेही होते. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. सोळा बायका, काळ्या साड्या, तिळगुळाच्या वड्या, आणि मध्यभागी यजमानीण एका हाताने अत्तर लावीत दुसऱ्या हाताने आपली पाठ दाराच्या चौकटीला घासत उभी. तिळगूळ घ्या आणि गोड बोला हे ती सोळा जणींना म्हणाली. सतरावा मी होतो. मला तिळगूळ मिळाला.

नवी भिंत मी लाकडाची करायची नाही असे ठरवले. हल्ली त्यासाठी दाट फोमचे फलक मिळतात. त्यांत लाकडाचा कणही नसतो, ते कुजत नाहीत, पाणी पीत नाहीत, आणि किमतीकडे पाहता बहुधा चारित्र्यानेही निर्मळ असावेत. ते चिकटवायला पॉलिएस्टर रेझिन लागते आणि रेझिन घट्ट व्हायला शेकडा एक ते दोन टक्के उत्प्रेरक आणि बऱ्यापैकी ऊब लागते. गॅरेजमध्ये चार अंश होते. मी हीटर लावला, धीर धरवेना म्हणून उत्प्रेरकाचे दोन थेंब वर टाकले, मग आणखी दोन. रेझिनने बादलीतच निर्णय घेतला. ती बादली प्रथम कोमट झाली, मग हात लावू नये इतकी गरम झाली, मग तिच्यातून धूर निघू लागला. आणि मी ती पळत नेऊन अंगणातल्या बर्फात ठेवली तेव्हा माझा पंचवीस डॉलरचा ब्रश तिच्यात परशुरामाच्या बाणासारखा कायमचा रुतलेला होता. ती बादली अजून आहे. मुलगी तिला दाराचे अडणे म्हणून वापरते.

हिवाळा असा सरत असताना खरे संकट कुजलेल्या लाकडाने नव्हे तर ‘आता उघडलेच आहे तर’ या चार शब्दांनी आणले. आता उघडलेच आहे तर वायरिंग बघून घ्यावे. तेव्हा दिसले की आधीच्या मालकाने स्पीकरची, दिव्याची आणि बहुधा इस्त्रीचीही वायर एकमेकींना पिळून जोडली होती. मग कल्हई केलेल्या तांब्याच्या तारा आल्या. त्यांत ऋण तार पिवळी असते, ही रीत मला कळेपर्यंत दोन फ्यूज उडाले. आता उघडलेच आहे तर पाण्याचा पंपही बघावा, म्हणून तो उघडला. त्याच्या आत चक्रफुलासारखे दिसणारे एक रबरी चक्र असते. त्याला सहा पाकळ्या असायला हव्यात. माझ्याकडे तीन निघाल्या. नवे चक्र स्वस्तात मिळते, प्रश्न त्याचा नव्हता. तुटलेल्या पाकळ्या पाण्याबरोबर पुढे जाऊन कुठल्यातरी नळीत अडकतात आणि भर तळ्यात इंजिन तापवतात, म्हणून त्या शोधून काढाव्याच लागतात. एक थर्मोस्टॅटच्या मागे सापडली. दुसरी पॉवर स्टिअरिंगच्या शीतकात, तोंडाशीच आडवी बसली होती. तिसरीसाठी मी चार संध्याकाळी प्रत्येक नळी सोडवून तिच्यात टॉर्च मारून पाहत होतो. पाचव्या संध्याकाळी मुलीने शीतकातून काढलेला तो तुकडा उलटा केला आणि म्हणाली, “बाबा, हे दोन चिकटलेले आहेत.”

याच ओघात मी ‘सोनार’ नावाचे एक मासेशोधक यंत्रही घेतले. नऊ इंची पडदा, उपग्रहावरून दिशा, आणि हजार फूट खोलीपर्यंतचा तळ दाखवण्याची क्षमता. बाबांनी सहज विचारले, “तुमच्या तळ्याला खोली किती?” मी म्हणालो, “सरासरी अकरा फूट.” जहाजांसाठी खणलेला मार्ग सोडला तर ते कुठेही सुमारे एकवीस फुटांहून खोल नाही. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपली मागची विहीर याहून खोल आहे. तिच्यात सोडून बघायचं का ते यंत्र?” त्याच आठवड्यात, गंज आपल्या अंगावर घेणारे जस्ताचे ठोकळे मी त्यांच्याच सल्ल्याने मागवले होते. जस्त खाऱ्या पाण्यात चालते, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम लागते. तेव्हा ते ठोकळे आता कागद उडू नयेत म्हणून माझ्या टेबलावर आहेत. विहिरीचा विषय निघाला की मी ते बाबांना दाखवतो.

गुढीपाडवा आला आणि गेला. गुढी मी गॅरेजच्या दाराशी, बोटीला टेकवून उभारली. बायकोने तिला नमस्कार केला, मला नाही. शेवटी अक्षय्य तृतीया उलटून, मेच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही बोट उताराशी नेली. बाबांच्या आग्रहावरून नारळ फोडला, तेव्हा मागे रांगेत उभ्या असलेल्या पिकअप ट्रकवाल्याने आदराने टोपी काढली. तळाची बूच मी तीन वेळा तपासली. पंखा चार मिनिटे चालवला. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. तापमानाचा काटा जिथे थांबायला हवा तिथेच थांबला, सोनारने मोठ्या थाटात नऊ फूट खोली दाखवली, आणि बायको सहा महिन्यांत प्रथमच माझ्याशेजारच्या आसनावर बसली. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावून बोट नाळेपासून सुकाणूच्या चाकापर्यंत फिरून दाखवली.

“तो घुर्र घुर्र आवाज कसला?” बाबांनी विचारले.

तो तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाचा होता. तो आपोआप चालू होई, अर्धा मिनिट चाले, थांबे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा चालू होई. कुठूनतरी थोडेसे पाणी आत येत होते.

“काही काळजी करू नकोस,” बाबा म्हणाले. “होडी इतके महिने कोरडी राहिली की पहिल्या दिवशी गळायचीच. दोन दिवस पाण्यात राहू दे. लाकूड फुगलं की फटी आपोआप बुजतात.”

मी त्यांना अत्यंत नम्रपणे सांगितले की या बोटीत आता लाकूड नाही. होते नव्हते ते सगळे मी साडेसहा महिने खपून आणि २,८०० डॉलर खर्चून काढून टाकले आहे.

“सगळं?”

“सगळं.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पडद्याच्या अगदी जवळ आले. “मग ती तरंगते कशाच्या जोरावर?”

मी उत्तर देणार तोच पंप पुन्हा सुरू झाला.