‘शिक्षणशास्त्र मायनर घेऊन काय मिळणार?’ या मजकुराला उत्तर

पदवीच्या विद्यार्थ्यांच्या गटांमध्ये सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. मुख्य विषय काहीही असो, जोडीला मायनर म्हणून शिक्षणशास्त्र घेऊ नका, असं त्यात बजावलं आहे. कारणं पाच दिली आहेत. शिक्षक व्हायचं तर वेगळी पदवी लागतेच, मायनरवर भागत नाही. विषय पक्का असला की शिकवणं आपोआप जमतं. शिक्षक व्हायचंच नसेल तर या विषयाचा उपयोग शून्य. शिक्षणशास्त्रात पुरावा कमी आणि मतं फार. आणि हा सोपा विषय गुण वाढवायला घेतात, असा लोकांचा समज होतो. मायनर ठरवायची मुदत जवळ आली की असल्या मजकुरावर अनेकांचे निर्णय ठरतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

पहिला मुद्दा बराचसा खरा आहे. शाळेत नेमणूक हवी तर बहुतेक ठिकाणी शिक्षक-प्रशिक्षण आणि त्या त्या व्यवस्थेची पात्रता लागते, आणि मायनरचे मोजके पेपर तिची जागा घेऊ शकत नाहीत. कुणी तसं आश्वासन देत असेल तर ते लेखी मागा. पण म्हणून मायनर फुकट गेला, हे कसं? प्रशिक्षणाच्या पदवीला प्रवेश घेतला की वेळ आणि पैसा दोन्ही अडकतात, आणि आपल्याला वर्ग झेपत नाही हे तिथे पोहोचल्यावर कळणं फार महागात पडतं. चांगल्या मायनरमध्ये शाळेत जाऊन वर्ग निरखण्याचं काम असतं. मागच्या बाकावर बसून एकच शिक्षिका सलग तासांना काय काय सांभाळते हे पाहिलं की ‘हे मला करायचंय का’ या प्रश्नाचं उत्तर पदवी हातात पडायच्या आत मिळतं. ते उत्तर ‘नाही’ आलं तरी मायनरचं काम झालं.

दुसरा मुद्दा, विषय येत असला की शिकवता येतं, हा मला सगळ्यात घातक वाटतो. तो ऐकायला पटतो आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

एक वजाबाकी घ्या. 42 मधून 17 वजा करायचे आहेत आणि मुलीने उत्तर लिहिलंय 35. गणितात हुशार असलेला माणूस फुली मारेल, ‘लक्ष दे’ म्हणेल आणि स्वतः गणित सोडवून दाखवेल. आता तिच्या वहीतली पुढची उत्तरं बघा. 63 वजा 28 बरोबर 45. 51 वजा 36 बरोबर 25. यात धांदरटपणा कुठेच नाही. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा स्वतः बनवलेला नियम ती चोख पाळते आहे. पुढच्या गणिताचं तिचं चुकीचं उत्तरही आपण आधीच सांगू शकतो. 1978 साली ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या अशा चुकांचा बारकाईने अभ्यास करून दाखवलं की त्यातल्या बऱ्याच चुका नियमबद्ध असतात. या मुलीला हातच्याची रीत दहांदा दाखवून फारसं काही होणार नाही, कारण तिचं अडलंय दशक आणि एककापाशी. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून ‘यातून सतरा काढून दे’ म्हटलं की तिला एक गठ्ठा सोडावाच लागतो. हातचा म्हणजे काय, ते तिच्या हातांना त्या क्षणी कळतं.

हे सुचायला वजाबाकी येणं पुरत नाही. मूल त्या गणिताकडे कसं पाहतं याची जाण लागते, आणि ही जाण विषयाच्या ज्ञानाहून वेगळी आहे, पण विषयाशिवाय येतही नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये नेमकी हीच गोष्ट मांडली. विषयाचं ज्ञान एक, शिकवण्याच्या सर्वसाधारण युक्त्या दुसऱ्या, आणि या विषयातला हा भाग शिकणाऱ्याला कुठे अडतो, कुठल्या उदाहरणाने सुटतो, हे तिसरं. मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, जोडीला हा मायनर घेणाऱ्याला हे तिसरं ज्ञान कमावण्याची जितकी संधी असते, तितकी नुसतं शिक्षणशास्त्र शिकणाऱ्यालाही नसते, असं माझं ठाम मत आहे.

मोठ्यांना शिकवतानाही हेच होतं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना आपण उत्तम शिकवतो अशी खात्री होती. विद्यार्थी त्यांना चांगला अभिप्राय देत, अवघड गणितं सोडवत. मग त्यांनी न्यूटनच्या नियमांवरचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला खरंच वाटतं तशी? निकाल लागला तेव्हा बऱ्याच विद्यार्थ्यांच्या मूळ कल्पना जागच्या हललेल्या नव्हत्या. माझूर यांनी 1991 पासून पद्धत बदलली: आधी प्रश्न, मग प्रत्येकाचं स्वतंत्र उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. विषय त्यांना पहिल्या दिवसापासून येत होता.

तिसऱ्या मुद्द्याकडे वळू. शिक्षक व्हायचं नसेल तर? डॉक्टर, परिचारिका, वकील, सॉफ्टवेअर शिकवून टीम उभी करणारा इंजिनिअर, संग्रहालयात काम करणारी इतिहासाची पदवीधर, सगळ्यांचा बराचसा दिवस समजावून सांगण्यात जातो. रुग्णालयांत एक साधी रीत शिकवली जाते. ‘समजलं ना?’ असं न विचारता, ‘घरी गेल्यावर हे औषध कसं घ्याल ते मला सांगा’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला बहुतेक लोक मान डोलावतात. दुसऱ्यात गैरसमज लगेच उघडा पडतो. मान डोलावणं आणि समजणं यांतला फरक ओळखायला शिकवणारा विषय निरुपयोगी कसा?

शिवाय विद्यार्थी स्वतःही शिकतच असतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून आठवेल तेवढं न बघता लिहून काढलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने चित्र उलटलं, न बघता लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या मुलाला ही एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळली तर त्याच्या मेजरचाही फायदा आहे.

चौथा आरोप पुराव्याचा. इथे मजकूर लिहिणाऱ्याने हा विषय किती वाचला असेल, याची शंका येते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 पासून चार वर्षं एक प्रयोग झाला. मुलांना आणि शिक्षकांना सोडत पद्धतीने लहान आणि नेहमीच्या आकाराच्या वर्गांत वाटलं गेलं. लहान वर्गात 13 ते 17 मुलं, नेहमीच्या वर्गात 22 ते 25. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली, आणि गरीब व कृष्णवर्णीय मुलांना फायदा जास्त झाला. पुढचा भाग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आवर्जून वाचावा. 1996 मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभर खालचे वर्ग लहान करायला घेतले. एकदम हजारो शिक्षक कमी पडले, पात्रता नसलेल्यांना घ्यावं लागलं, आणि गरीब वस्त्यांतल्या शाळांना त्याची झळ जास्त बसली. प्रयोगात दिसलेला फायदा तिथे तसा हाती लागला नाही. धोरणात काम करू पाहणाऱ्याला याहून चांगला धडा दुसऱ्या विषयात मिळेल, असं मला वाटत नाही.

आपल्याच लाडक्या समजुती तपासून नाकारणं हेही या क्षेत्रात होतं. कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून, तर कुणी हाताळून, म्हणून ज्याला त्याला त्याच्या शैलीने शिकवावं, ही कल्पना शाळांत फार लोकप्रिय आहे. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये त्यावरचं संशोधन तपासलं आणि तसं शिकवण्यासाठी पुरेसा आधार नसल्याचं सांगितलं.

मतं आहेतच, आणि असायला हवीत. शिक्षण कुणासाठी, कुणाच्या पैशाने, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. 1882 साली महात्मा फुल्यांनी ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे सांगितलं की शेतकऱ्यांच्या साऱ्यावर उभा राहिलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आहे, आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. हे मतच होतं, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे दाखवून मांडलेलं. असं मत कसं मांडायचं, हेही शिकावं लागतं.

एक तक्रार मात्र मला मान्य आहे. काही ठिकाणी हा विषय विचारवंतांची नावं आणि व्याख्या पाठ करण्यावर संपतो. तो दोष अभ्यासक्रमाचा आहे आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याबद्दल बोललंच पाहिजे.

पाचवा मुद्दा, सोपेपणाचा, फार वेळ देण्यासारखा नाही. मुलाखतीत मायनरचं नाव ऐकून कोण काय समजेल यापेक्षा तुम्ही त्यात काय केलंत हे सांगता येणं महत्त्वाचं. एखादा धडा आखून शिकवला, मुलं कुठे अडकली ते नोंदवलं, दुसऱ्यांदा बदलून शिकवला, एवढं नीट सांगता आलं तरी पुष्कळ.

निवडण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. शाळेत प्रत्यक्ष जाण्याचे तास आहेत का? संशोधन वाचायला लागेल इतकं संख्याशास्त्र शिकवतात का? आणि एखादा पेपर तुमच्या मेजरच्या अध्यापनाशी जोडलेला आहे का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तर दुसरा मायनर बघा. ज्यांना मुख्य विषयातच पुढे संशोधन करायचंय आणि गणिताची तयारी कमी पडतेय, त्यांनी गणित घेतलं तर मी त्यांना अडवणार नाही. बाकीच्यांनी तो मजकूर पुढे पाठवण्याआधी शिक्षणशास्त्राच्या एखाद्या तासाला जाऊन बसावं.